तज्ज्ञ कोणास म्हणावे?

२०२५ च्या ऑक्टोबरात अबू धाबी येथे भरलेल्या जागतिक निसर्गसंवर्धन परिषदेत भारत सरकारने एक संकल्प जाहीर केला. आपल्या देशातील वनस्पती व प्राणी यांच्या जातींपैकी कोणती सुखरूप आहे, कोणती घटत चालली आहे आणि कोणती नामशेष होण्याच्या बेतात आहे, यांची राष्ट्रीय ‘लाल यादी’ २०३० सालापर्यंत सिद्ध करावयाची, असा तो संकल्प. सुमारे ७,००० वनस्पती आणि ४,००० प्राणी तपासावयाचे आहेत. काम एवढे अफाट आहे की ते कोणा एका खात्याच्या हातून व्हावयाचे नाही. तेव्हा देशभरच्या तज्ज्ञांचे जाळे विणले पाहिजे, हे ओघानेच आले. संकल्प स्तुत्य आहे. आमचे भांडण त्या जाळ्यात ‘तज्ज्ञ’ म्हणून कोणास घेणार आणि कोणास दाराबाहेर उभे करणार, याविषयी आहे.

अशा जाळ्याची कल्पना नवी नव्हे. १९४८ साली फ्रान्समध्ये फोंतेनब्लो येथे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी संकटग्रस्त जातींचा विचार करणारा एक आयोग त्या संघाने नेमला. आज त्या आयोगात दहा हजारांहून अधिक अभ्यासक आहेत. कोणी कासवांचा, कोणी वटवाघळांचा, कोणी ऑर्किडांचा. त्यांतील बहुतेकजण हे काम बिनमोबदला करतात, ही गोष्ट आपल्याकडील भत्ताप्रिय समित्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६४ पासून चालत आलेली जागतिक लाल यादी हे त्यांच्या परिश्रमाचेच फळ होय. परंतु जगाच्या हिशेबात सुरक्षित ठरलेली जात आपल्या मुलखात शेवटच्या घटका मोजीत असू शकते. म्हणून ज्याने त्याने आपल्या देशाची यादी करावी, आणि ती करणारे मंडळही आपल्या देशात उभारावे, हा विचार अलीकडे बळावला आहे. आपल्याजवळ त्यासाठी लागणाऱ्या संस्था जुन्या आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची, वनस्पती सर्वेक्षण संस्था १८९० ची, प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ ची. विद्वानांची वाण नाही.

विद्वानांच्या बाजूने जे बोलावयास हवे ते आधीच बोलून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. जटायूचा वंश आपल्या डोळ्यांदेखत ओसरला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा ९९.९ ने घटली. भरतपूरच्या पक्षिअभ्यासकांनी माना टाकून बसलेली गिधाडे पाहिली. गावोगावच्या लोकांनी मेलेली ढोरे सडत पडलेली पाहिली. पण हे का होते आहे ते कोणास उमगेना. ते २००४ साली उमगले. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे तपासली आणि गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मुळावर आले आहे, असे दाखवून दिले. २००६ साली आपल्याकडे गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. हा शोध कोणत्याही गावच्या शहाण्या म्हाताऱ्याला लागला नसता. ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आमचे पान कोणी मांडू नये.

आता दुसरी बाजू. ती आम्ही महाशीर माशाच्या निमित्ताने मांडतो, कारण हा मासा देवळांच्या आश्रयाने राहिलेला आहे. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर भाविक ज्याला खाऊ घालतात तो हाच. महाड तालुक्यात वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहात ज्याला कोणी गळ लावीत नाही तोही हाच. त्याच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘खुद्री’ हे नाव इथल्या लोकांच्या तोंडून उचलले. पुण्याच्या नदीकाठी कोणा भोयाने उच्चारलेला शब्द आज जगातल्या प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञाच्या ग्रंथात आहे. नाव घेतले, नाव सांगणारा मात्र ग्रंथात शिरू शकला नाही.

असो. १९७० नंतरच्या काळात लोणावळ्याच्या एका मत्स्यबीजकेंद्रात या दख्खनी महाशीराची पैदास यशस्वी झाली. हेतू अत्यंत चांगला होता; मासा धरणांमुळे घटत होता, तो पुन्हा नद्यांत सोडावा, असा. पिले देशात ठिकठिकाणी गेली आणि कर्नाटकात कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत मात्र आधीपासून एक वेगळा, तिचा स्वतःचा महाशीर राहत होता: पाठीवर कुबड असलेला, अंगाने प्रचंड. १८७३ पासून इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांतून त्याची वर्णने येत होती. १९४६ साली कावेरीच्याच खोऱ्यात कबिनी नदीत एकाने धरलेला मासा १२० पौंडांचा भरला होता. असा हा जगप्रसिद्ध मासा. पण त्याला शास्त्रीय नावच नव्हते! इकडे केरळात पांबार नदीतील एका महाशीराला २००७ साली ‘टॉर रेमादेवी’ असे नाव दिले गेले. तो आणि कावेरीचा कुबडा एकच, हे सिद्ध व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत त्याची नोंद झाली ती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून. सोडलेल्या पाहुण्यांनी घरधन्याची जागा घेतली होती. आणि ज्या दख्खनी महाशीरासाठी ही सारी खटपट झाली, त्याचे २०१८ साली पुन्हा मूल्यमापन होऊन तो ‘चिंतेचे कारण नसलेल्या’ जातींत जाऊन बसला.

यातील एक बारकावा वाचकांनी विसरू नये. कावेरीचा कुबडा महाशीर संपत चालला आहे, हे आकड्यांनिशी कशावरून दाखवता आले? गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात कोणता मासा किती वेळा लागला, याच्या ज्या नोंदी ठेवल्या होत्या त्यांवरून. पैदास करणाऱ्याला पैदास येत होती, नाव देणाऱ्याला नाव देता येत होते, आणि नदीवर बसणाऱ्याला काय घडते आहे ते दिसत होते. तिघेही आपापल्या कामात निष्णात. त्यांना एका बैठकीत आणणारे कोणी नव्हते, आणि त्या अभावाची किंमत एका जातीने मोजली.

दुसरे उदाहरण कासवाचे. २००२ साली काळ्या मऊपाठी कासवाची जात ‘निसर्गातून नामशेष’ म्हणून जागतिक यादीत नोंदली गेली. चट्टग्राम येथील बायजीद बोस्तामीच्या दर्ग्याच्या तळ्यात तेवढी ती शिल्लक आहे, असा समज होता. पुढे आसामात हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराच्या पुष्करिणीत आणि इतर देवस्थानांच्या तळ्यांत ही कासवे असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती मोकळीही राहत असल्याचे २००७ साली जनुकीय पुराव्याने ठरले. २०२१ साली तिचा शेरा बदलून ‘अतिसंकटग्रस्त’ असा करण्यात आला. दर्ग्याचा खादिम आणि मंदिराचा पुजारी यांना आपल्या तळ्यातील कासवे ठाऊक होतीच. ती नामशेष झाल्याचे त्यांना कोणी कळविले नव्हते, एवढेच.

येथे कोणी म्हणेल की पुजाऱ्याचे पाहणे वेगळे आणि तज्ज्ञाचे ज्ञान वेगळे. त्यांची गल्लत करू नये. आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून या आक्षेपास कायद्याच्याच भाषेत उत्तर देतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने तज्ज्ञाची व्याख्या केली ती ‘त्या शास्त्रात वा कलेत विशेष प्रावीण्य असलेली व्यक्ती’ अशी. त्यात पदवीचा शब्द नाही, नोकरीचा नाही, निवृत्तिवेतनाचा तर नाहीच. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या ३९ व्या कलमाने ‘अथवा अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द घालून दार आणखी रुंद केले आहे. याहूनही महत्त्वाचे ते जुने ४९ वे, आताचे ४३ वे कलम. एखाद्या समाजाचे आचार, एखाद्या धर्मसंस्थेची घटना व व्यवस्था, किंवा विशिष्ट प्रदेशात वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ यांविषयी न्यायालयास मत बनवायचे असेल, तेव्हा ज्यांना ते जाणण्याची विशेष साधने आहेत त्यांचे मत ग्राह्य धरावे, असे ते सांगते. देवळाच्या वहिवाटीच्या दाव्यांत महाजन, पुजारी, मानकरी यांच्या साक्षी होतात त्या याच कलमान्वये. जी न्यायपद्धती पालखीचा मान कोणाचा हे ठरवताना गुरवाचे ऐकते, त्या देशात तळ्यात कोणता मासा होता हे ठरवताना गुरवाला विचारू नये, हा कोणता न्याय?

लाल यादीचे एक गमक पाहा. दहा वर्षे किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यांपैकी जो काळ अधिक असेल त्या काळात संख्या शेकडा किती घटली, हे त्यात मोजावे लागते. दीर्घायुषी कासवाच्या तीन पिढ्या म्हणजे माणसाचे अवघे आयुष्य, किंबहुना अधिकच. आपल्याकडील संशोधनाचे अनुदान तीन-पाच वर्षांत संपते. मग साठ वर्षांपूर्वीचा हिशेब कोणाकडे मागणार? देवस्थानांच्या जुन्या वह्या पाहण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो. तळ्यातील गाळ केव्हा उपसला, राईतले कोणते झाड पावसात पडले व त्याचे लाकूड कोणत्या कामी लागले, असल्या नोंदी त्यांत असतात. त्या नोंदी कोणी प्राणिशास्त्रासाठी केल्या नाहीत. म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवायला अधिक जागा आहे.

पण व्यवहारात काय चालते? २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे, असे ठरविले. तिने गावकऱ्यांना विचारून ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करावी, हे तिचे मुख्य काम. राष्ट्रीय जाळ्याची पहिली गाठ हीच. कायद्यानंतर कित्येक वर्षे बहुतेक राज्ये स्वस्थ बसली. अखेर एका अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये हुकूम काढला: ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर महिन्याला दहा लाख रुपये भरा. मग काय विचारता! वर्षानुवर्षे न झालेले काम महिन्यांत उरकण्याची लगबग उडाली. आज समित्यांची संख्या अडीच लाखांच्या वर गेलेली आहे. पण कित्येक वह्या एकाच साच्यातून काढलेल्या. गावाचे नाव तेवढे बदललेले. ज्या ग्रामस्थाच्या नावे माहिती लिहिली त्याला ती वही केव्हाच कोणी दाखविलेली नाही. दंडाच्या भयाने आकडा वाढतो, गावातल्या माणसाचे मात्र कोणी ऐकत नाही, असा हा प्रकार.

आणखी एक उदाहरण सर्व आदर राखून देतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांविषयी, म्हणजे तिकडल्या देवरायांविषयी, दूरगामी निर्णय दिला. त्यांचे सर्वेक्षण करा, त्यांना संरक्षण द्या, केंद्राने सबंध देशासाठी धोरण आखावे, असे सांगितले. निर्णयाचा हेतू वंदनीय आहे. पण त्यावर देखरेख करण्यासाठी जी पाच जणांची समिती सुचविली तिची रचना अशी: अध्यक्ष शक्यतो निवृत्त न्यायाधीश, एक विषयतज्ज्ञ, तोही शक्यतो निवृत्त मुख्य वनसंरक्षक, आणि बाकीचे केंद्राच्या पर्यावरण खात्याचे व राज्याच्या वन आणि महसूल खात्यांचे अधिकारी. शतकानुशतके ओरण राखणाऱ्या समाजासाठी त्यात एकही खुर्ची राखून ठेवलेली नाही. ‘तज्ज्ञ’ या शब्दाचा अर्थ आपल्या राज्यव्यवहारात कसा आकसला आहे, याचा याहून बोलका पुरावा आम्हांस सापडत नाही.

एवढे वाचून आपल्या देवस्थानांचे कारभारी सुखावले असतील, तर त्यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. साक्षीदाराला मान मिळतो तशी त्याची उलटतपासणीही होते. तज्ज्ञाच्या मतामागची कारणे पाहिली पाहिजेत, असे तोच साक्ष्य कायदा ४५ व्या कलमात सांगतो. ‘आमच्या तळीत देवाचे मासे आहेत, त्यांना कोणी हात लावीत नाही’ हे म्हणणे ठीक. पण ते मासे कोणते? पिढीजात तेच, की कोणा भाविकाने पुण्य म्हणून आणून सोडलेली तिलापी? त्या पाहुण्याने मूळच्या माशांची अंडी-पिले खाऊन तळे बळकावले असेल, तर आपण आता कोणाला खाऊ घालतो आहोत? जीर्णोद्धाराच्या नावाखाली तळीचे काठ सिमेंटने लिंपले, तळाला लाद्या बसविल्या, की बेडकाला अंडी घालायला आणि कासवाला वर यायला जागा उरत नाही. राईतल्या राखणदाराचा अनघड पाषाण शेकडो वर्षे झाडाखाली पावसात भिजत उभा होता. त्याला काँक्रीटचा मंडप हवा, असे ठरले, आणि मंडपासाठी झाडे गेली. कोणत्या वनाधिकाऱ्याने हे केले? आपणच केले, वर्गणी काढून, कोनशिलेवर नावे कोरून.

याच्या उलट काय होऊ शकते, तेही आपल्याच परिसरात घडले आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाचे स्थान आहे. तेथील पाण्यात राहणारा एक बोटाएवढा मासा २०२० साली विज्ञानाला नवा म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याला नदीचेच नाव मिळाले: ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ते दोन हेक्टरांहून किंचित मोठे क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. अभ्यासक देवळात शिरला, देवळाने त्याला पाण्यापर्यंत जाऊ दिले, शासनाने कागद केला. तिघांनी आपापले काम केले. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्ड्याची रानजायफळांची दलदलही अशीच. देवराई म्हणून ग्रामस्थांनी जपली, म्हणूनच अभ्यासकांना ती जिवंत सापडली. सत्तरीतील निरंकाराची राई त्याच जातकुळीची. पण हिरण्यकेशी आंबोलीला थांबत नाही. ती आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वराला बेळगाव जिल्ह्यात उतरते आणि घटप्रभेला मिळते. सीमेच्या अलीकडे एका राज्याचे जैवविविधता मंडळ, पलीकडे दुसऱ्याचे. माशाचा दाखला कोणत्या राज्याचा? राष्ट्रीय जाळे हवे ते अशाच ठिकाणी. आणि येथेच आपल्या वाचकांना करण्यासारखे एक काम आहे. एकाच माशाला, एकाच वेलीला मराठीत एक, कोंकणीत दुसरे, कन्नडात तिसरे नाव असते, आणि नावाच्या या गोंधळात नोंद हरवते. भाषेच्या वादात आपण दोन्ही बाजूंनी जेवढी शाई खर्ची घातली, तिच्या शतांशाने ही तिन्ही नावे एका पानावर लिहून होतील.

उरली ती भीती. देवस्थानांचे कारभारी खाजगीत असे म्हणतात, की मोजणीला दार उघडले म्हणजे उद्या राईवर वनखाते बसेल. ही भीती निराधार नाही, आणि तिला हसण्यावारी नेणारे विद्वान तिला अधिकच पोसतात. कायद्याची स्थिती अशी की वारसा स्थळ जाहीर करावयाचे ते ३७ व्या कलमाखाली स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. त्याने जमिनीची मालकी बदलत नाही, आणि कोणास आर्थिक झळ लागली तर भरपाईची योजनाही तेच कलम सांगते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातील ३६-क खालचे सामुदायिक राखीव क्षेत्र मात्र जपून घ्यावे: ते समाजाने स्वेच्छेने पुढे केल्यावरच घोषित होऊ शकते हे खरे, पण एकदा झाले की जमिनीच्या वापरात बदल करण्यास व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर शासनाची मंजुरी, दोन्ही लागतात. तेव्हा सही करण्यापूर्वी कोणत्या कलमाखाली सही करतो आहोत ते विचारावे. दुसरी भीती चोरांची. दुर्मिळ वनस्पतीचा ठिकाणा छापला की ती उपटून नेणारे येतात, हेही खरे. पण त्यावर उपाय ठिकाणा न छापण्याचा आहे, नोंदच न ठेवण्याचा नव्हे. न्यायालयातही बंद दाराआड साक्ष घेतात. साक्ष घेणे टाळीत नाहीत.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या विनियमाप्रमाणे महाजनांकडे आहे. महाराष्ट्रातील विश्वस्त संस्था १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. दोन्हीकडे वर्षातून सभा भरते, हिशेब मंजूर होतात, पुढल्या जत्रेचा खर्च ठरतो. त्याच सभेपुढे मांडता यावा म्हणून एका ठरावाचा मसुदा येथे देतो. ज्यांना हवा त्यांनी तो फेरफार करून खुशाल वापरावा.

‘देवस्थानच्या तळीत व राईत वास करणाऱ्या सर्व प्राण्यांची व वृक्षवेलींची नोंद स्वतंत्र वहीत ठेवण्यात यावी. प्रत्येक नोंदीपुढे मराठी, कोंकणी व परिसरातील अन्य भाषेतील नाव, पाहिल्याची तारीख, पाहणाऱ्याचे नाव व त्याची स्वाक्षरी अथवा अंगठा असावा. पुजारी, गुरव, माळी, गाळ उपसणारे मजूर व राईच्या कडेने गुरे नेणारे यांना विचारल्याखेरीज नोंद पूर्ण समजू नये. वर्षातून एकदा बाहेरील अभ्यासकास बोलावून ही वही तपासून घ्यावी व त्याचे मतभेद असल्यास ते कारणांसह त्याच पानावर लिहून घ्यावेत. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीस देऊन तिची पोच घ्यावी व दुसरी राज्य जैवविविधता मंडळाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवावी. ही नोंद होऊन तीवर सभेत विचार होईपर्यंत तळीच्या काठाचे कोणतेही बांधकाम, बाहेरील मासे वा कासवे सोडणे आणि राईतील वृक्ष तोडणे स्थगित ठेवण्यात यावे.’